व्हिसाची खिडकी आणि आपली मुले

आपल्या समाजातील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. ज्या घरातील आजोबांनी गावकीची कामे केली, वडील गिरणीत किंवा नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबले, त्या घरातील मुलगी अमेरिकेच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र घेऊन विहारात येते, तेव्हा सगळी वस्ती तिच्याकडे कौतुकाने पाहते. परंतु प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे सर्व काही झाले असे आपण समजतो. तसे नसते. शेवटची एक पायरी उरलेली असते. ती म्हणजे वकिलातीतील व्हिसाची मुलाखत. ही मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत संपते आणि तेवढ्या वेळात वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लागतो.

या खिडकीपाशी आपली काही मुले अडखळतात. गुण कमी असतात म्हणून नव्हे, इंग्रजी कच्चे असते म्हणूनही नेहमीच नव्हे. आपल्या घराची लाज वाटते म्हणून आणि कोणा एजंटाने पढवलेले खोटे बोलायला जातात म्हणून अडखळतात. यासाठी आई-वडिलांनी आणि मुलांनी मिळून ही तयारी कशी करावी, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. उदाहरण अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचे घेतले आहे, कारण समोरासमोर मुलाखतीची धास्ती तेथेच अधिक असते.

मुलाखत कशासाठी?

आपण सर्रास 'एम्बसी' म्हणतो. पण अमेरिकेचा दूतावास दिल्लीत चाणक्यपुरीला आहे. मुंबईत, त्याचप्रमाणे चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद येथे त्यांच्या वकिलाती आहेत. मुंबईची वकिलात पूर्वी ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. महाराष्ट्रातील अर्जदार सामान्यतः येथेच जातात.

अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४ (बी) नावाचे एक कलम आहे. विद्यार्थी किंवा पाहुणा म्हणून व्हिसा मागणारा माणूस तेथे कायमचे राहायला येत आहे, असे या कलमाप्रमाणे आधीच गृहीत धरले जाते. तसे नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यायचे असते. आपल्याकडे आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. येथे उलटे आहे. म्हणून अधिकारी उलटसुलट प्रश्न विचारू लागला तर तो आपला अपमान करतो आहे, असे मुलांनी मनात आणू नये. तो सर्वांनाच तसे विचारतो.

त्याला मुख्यतः चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हा मुलगा खरोखर शिकायला चालला आहे काय? हेच विद्यापीठ आणि हाच अभ्यासक्रम त्याने का निवडला? पैसे कोण देणार? आणि शिक्षण संपल्यावर पुढे काय? बाकी सारे प्रश्न या चारांच्या पोटातले असतात.

आधी कागद

कारकुनी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काम अडते ते बहुधा नावाच्या स्पेलिंगवर. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते. कोणाच्या दाखल्यावर एक अक्षर जास्त असते, तर कोणी मधल्या काळात आडनाव बदललेले असते. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच पासपोर्ट काढावा आणि पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच ते पुढे सर्वत्र लिहावे. आडनाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

विद्यापीठ पैशाची सोय पाहून 'आय-ट्वेंटी' नावाचा दाखला पाठवते. त्यावर विद्यार्थ्याने स्वतः सही करायची असते. त्यानंतर संगणकावर 'डीएस-१६०' हा व्हिसाचा अर्ज भरायचा. अर्ज भरताना कोणी मदत केली काय, असा प्रश्न त्यातच असतो. विहारातील कार्यकर्त्याने किंवा सायबर कॅफेवाल्याने मदत केली असेल तर त्याचे नाव सरळ लिहावे. मात्र अर्ज वाचून तो स्वतःच सादर करावा. आपल्या नावाने काय लिहिले गेले आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो खिडकीपाशी हमखास गोंधळतो.

मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावेही या अर्जात द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ही खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितले जाते. एखादे खाते लपवू नये. भीम जयंतीच्या मिरवणुकीचे किंवा दीक्षाभूमीचे फोटो आहेत म्हणून घाबरून ते पुसत बसण्याचेही कारण नाही.

आता खर्चाचे बोलू. व्हिसाचे शुल्क सध्या १८५ डॉलर आहे आणि विद्यार्थी नोंदणीचे, म्हणजे 'सेव्हिस'चे, ३५० डॉलर. एकूण ५३५ डॉलर झाले. डॉलर ९० रुपये धरला तर हे ४८,१५० रुपये होतात. व्हिसा नाकारला तरी १८५ डॉलर परत मिळत नाहीत. कामगाराच्या घरात ही रक्कम पतपेढीचे कर्ज काढून किंवा आईच्या अंगावरचा दागिना मोडून उभी राहते. म्हणून ती भरण्यापूर्वी सर्व कागद दोनदा तपासावेत. शुल्क अधूनमधून बदलते, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा आकडा अधिकृत संकेतस्थळावरच पाहावा. पावत्या जपून ठेवाव्यात.

शिष्यवृत्तीचे पत्र हीच आपली श्रीमंती

अधिकारी पैशाबद्दल विचारणार, आणि आपल्याकडे बंगला नाही, शेती नाही, बँकेत लाखो रुपये नाहीत, या विचाराने आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. परंतु शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाने हे भय बाळगू नये. शासनाचे मंजुरीपत्र हा पैशाचा भक्कम पुरावा आहे. उसन्या पैशाने फुगवलेल्या बँक खात्यापेक्षा त्याचे वजन कितीतरी अधिक.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील विद्यार्थ्यांसाठीची ही योजना समाजकल्याण आयुक्तालय, पुणे यांच्यामार्फत चालते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची आहे. तिच्यासाठी वयाची मर्यादा ३५ वर्षे आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. या योजनेत व्हिसा शुल्काचीही तरतूद आहे. केंद्राच्या सवलती बौद्धांना अनुसूचित जाती म्हणून मिळू लागल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. त्यासाठी समाजाने किती वर्षे झगडा केला हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. जातीचा दाखला लागतो तो या शिष्यवृत्तीसाठी. व्हिसाच्या अधिकाऱ्याला तो दाखवण्याची गरज नसते.

मंजुरीपत्रात किती वर्षांची फी, किती निर्वाहभत्ता आणि विमानभाडे आहे काय, हे मुलाने स्वतः वाचून समजून घ्यावे. 'पैसे कोण देणार?' या प्रश्नाला 'गव्हर्न्मेंट' एवढेच उत्तर देऊन थांबू नये. एका वर्षाचा खर्च किती, त्यातले शासन किती देणार आणि फरक उरलाच तर तो कोठून भरणार, हे आकड्यांत सांगता आले पाहिजे. हा साधा जमाखर्च आहे. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या आईला तो चांगला समजतो. मुलांनी एकदा तिच्याशेजारी बसून तो मांडावा.

कोणती शिष्यवृत्ती, असे अधिकाऱ्याने विचारले तर चाचरू नये. 'अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकार ही शिष्यवृत्ती देते, निवड होऊन ती मला मिळाली आहे,' असे मान वर करून सांगावे. ती भीक नाही. निवडीतून मिळवलेला हक्क आहे.

'वडील काय करतात?'

आमच्या विहारात रविवारी अशा मुलांचा सराव घेतला जातो. मध्यंतरी एक मुलगी आली. सार्वजनिक आरोग्य या विषयात तिला प्रवेश मिळाला होता. हुशार आणि बोलण्यात चटपटीत. पाच-सहा प्रश्नांना तिने झटझट उत्तरे दिली. मग 'वडील काय करतात?' असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'बिझनेस.'

'कसला बिझनेस?'

ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, 'काका, ते भाजीची गाडी लावतात. पण एजंट म्हणाला, असे सांगितले तर व्हिसा मिळणार नाही.'

तिचे वडील तेथेच मागे सतरंजीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान खाली घातली. खोलीत बसलेल्या आम्हा सर्वांनाच ते पाहवले नाही.

तिला समजावले ते असे. अधिकारी तुझ्या वडिलांची प्रतिष्ठा मोजायला बसलेला नाही. तुझे बोलणे आणि तुझे कागद जुळतात काय, एवढे तो पाहतो. तू 'बिझनेस' म्हणालीस की तो उलाढाल विचारील, आयकराचे विवरणपत्र विचारील, आणि तिसऱ्या प्रश्नाला तू अडकशील. उलट 'माझे वडील भाजी विकतात, माझ्या शिक्षणाचा खर्च सरकारी शिष्यवृत्तीतून होणार आहे,' असे म्हणालीस तर त्यात अडकण्यासारखे काहीच उरत नाही.

पुढच्या रविवारी तिने तेच वाक्य इंग्रजीत, न अडखळता, वडिलांच्या देखत म्हटले. नंतर वकिलातीतही तिला हा प्रश्न आला आणि तिने तेच उत्तर दिले. तिला व्हिसा मिळाला. या एका वाक्याने मिळाला असे म्हणता येणार नाही. तिचा अभ्यास पक्का होता आणि कागद स्वच्छ होते. पण त्या वाक्याने तो गेला नाही, हे नक्की.

चौथे शील आणि कायदा

आपण रोज पंचशील म्हणतो. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे चौथे शील या खिडकीपाशी अक्षरशः कामाला येते. मुलाखतीत अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही तर व्हिसा नाकारला जातो. पण पुन्हा अर्ज करता येतो. बनावट कागद दिला किंवा महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितले, तर मात्र त्याच कायद्याच्या २१२ व्या कलमाखाली अर्जदार कायमचा अपात्र ठरू शकतो. मग पुढे कितीही मोठी पदवी मिळो, ते दार उघडणे फार कठीण होते.

'खात्यात महिनाभर पैसे दाखवून देतो', 'अनुभवाचे पत्र करून देतो', 'माझी आत ओळख आहे' असे म्हणणाऱ्या एजंटांपासून समाजबांधवांनी दूर राहावे. व्हिसा द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो. पैसे घेऊन त्याची हमी कोणालाच देता येत नाही. एजंट आपली फी घेऊन मोकळा होतो. सही आपल्या मुलाची असते आणि शिक्षाही त्यालाच होते.

परत येणार काय?

हा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड वाटतो. परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग येथे आठवावा. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या काळी आजच्यासारखी व्हिसाची मुलाखत नव्हती. पण काय शिकणार आणि शिकून काय करणार, हे महाराजांनी त्यांना विचारले होते, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असे त्यात होते. १९१७ मध्ये बाबासाहेब परत आले आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. एवढ्या मोठ्या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळू दिली नाही, हा इतिहास आपण जाणतो. पण त्यांनी आपल्या बाजूने शब्द पाळला होता.

तेव्हा काय शिकणार आणि पुढे काय करणार, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या मुलांनी त्याचे उत्तर शोधून ठेवावे. येथे एक सावधगिरी हवी. चळवळीच्या घरातील मुले या प्रश्नावर भाषण सुरू करतात. 'मला समाजासाठी काहीतरी करायचे आहे,' हे कितीही खरे असले तरी अधिकाऱ्याला त्यातून काही कळत नाही. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे नेमके काय, ते सांगावे. आरोग्य शिकणाऱ्या मुलीने सांगावे की ग्रामीण आरोग्य प्रकल्पात काम करायचे आहे. कायदा शिकणाऱ्याने सांगावे की उच्च न्यायालयात वकिली करायची आहे. विषय, काम आणि ठिकाण, हे तिन्ही एका दमात सांगता आले पाहिजे. आणि ते आपल्या मनातले खरे असावे. शिष्यवृत्तीच्या वेळी आपण कोणते हमीपत्र लिहून दिले आहे, हेही मुलाला पाठ असावे.

सराव कसा घ्यावा?

विहारात किंवा समाजमंदिरात आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. समोर टेबल ठेवावे, पण मुलाने उभे राहून बोलावे. वकिलातीत बहुधा काचेच्या खिडकीपुढे उभे राहूनच बोलायचे असते. एकाने प्रश्न विचारावे, दुसऱ्याने घड्याळ लावावे. उत्तर दोन वाक्यांपेक्षा मोठे नसावे. प्रश्न विचारणारी व्यक्ती दर वेळी बदलावी. शिक्षिका, बँकेतील कर्मचारी, परदेशी शिकून आलेला एखादा तरुण, असे कोणीही. पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते, म्हणून एकच प्रश्न तीन प्रकारे फिरवून विचारावा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी, अंदाजाने उत्तर देऊ नये. इंग्रजी साधे असले तरी चालते. उच्चार साहेबासारखा करण्याच्या नादात शब्द गिळू नयेत.

त्या दिवशी

मुलाखतीच्या आधी वेगळ्या दिवशी व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. फोटो सोबत न्यायचा असेल तर तो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय काढलेला असावा. मुलाखतीच्या फाईलमध्ये कागद या क्रमाने लावावेत: पासपोर्ट, डीएस-१६० चे पुष्टीपत्र, अपॉइंटमेंटचे पत्र, आय-ट्वेंटी, सेव्हिसची पावती, शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र, प्रवेशपत्र, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक आणि वडिलांचे पगारपत्रक असल्यास ते. अधिकारी कदाचित एकही कागद मागणार नाही. मागितला तर मात्र तो पटकन काढून देता आला पाहिजे.

बाहेरगावच्या मुलांनी आदल्या दिवशीच मुंबईत यावे. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट रांगेत उभे राहू नये. मोबाईल आणि बॅग आत नेऊ देत नाहीत, म्हणून सोबत घरचे माणूस असावे. अनोळखी माणसाच्या हाती फोन सोपवू नये. आई-वडिलांना आत सोडत नाहीत, त्यांनी बाहेरच थांबायचे. कपडे स्वच्छ आणि इस्त्री केलेले असले की झाले. उसना सूट नको.

नकार आला तर

नकाराचा कागद हातात आला म्हणजे मुलाचे आयुष्य संपले, असे घरच्यांनी मुळीच वागू नये. आधी तो कागद वाचावा. त्यावर २२१ (जी) असेल तर एखादा कागद किंवा तपासणी बाकी आहे, असा त्याचा अर्थ. मागितलेले कागद द्यावेत आणि थांबावे. २१४ (बी) असेल तर अधिकाऱ्याचे समाधान झालेले नाही. त्यावर अपील नसते, पण नवा अर्ज करता येतो. त्याच प्रकारच्या व्हिसासाठी बारा महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केल्यास सेव्हिसचे ३५० डॉलर पुन्हा भरावे लागत नाहीत. १८५ डॉलर मात्र भरावे लागतात. म्हणून त्याच आठवड्यात रागाने दुसरा अर्ज करू नये. कोणत्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले, ते त्याच दिवशी वहीत लिहून काढावे. चूक कोठे झाली ते शोधावे. त्याच वेळी विद्यापीठाला आणि समाजकल्याण कार्यालयाला लेखी कळवून मुदत मागावी.

इंग्लंडची पद्धत थोडी निराळी आहे. तेथे केंद्रावर बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि गरज वाटली तर पडद्यावरून मुलाखत होते. स्वतःचे पैसे दाखवायचे असतील तर ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र चालते. मात्र प्रश्न तेच आणि खरे बोलण्याचा नियमही तोच.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तीतील जे मूल परदेशी निघाले असेल, त्याच्यासाठी विहारातील एक तास द्या. आणि आई-वडिलांनो, मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलाला आपल्या तोंडाने सांगा की आमचे काम विचारले तर आहे तेच सांग. ज्या हातांनी झाडू मारला, भाजी विकली, गिरणीत साचे चालवले, त्या हातांनीच ही मुले येथवर आणली आहेत. ते सांगताना मुलांची मान खाली जाता कामा नये.

जय भीम!